लाल लेबलाची गादी

गाद्यांच्या कारखान्यात तिची चाळीस वर्षं गेली, आणि त्यातली सदतीस नुसती लेबलं शिवण्यात. बाकीच्या बायका कधी खोळी शिवत, कधी काठ मारत, कधी उशा भरत. हिचं मशीन दाराजवळच्या खिडकीखाली होतं आणि बाहेर पडणारी प्रत्येक गादी हिच्या हाताखालूनच जायची. म्हणून सगळे तिला लेबलताई म्हणत. मालकसुद्धा. पगाराच्या कागदावर खरं नाव असायचं, पण त्या नावानं हाक मारायची कुणाला सवयच उरली नव्हती.

लेबलं दोन रंगांची. पांढरं म्हणजे आतला भराव सगळा नवा. लाल म्हणजे जुना, धुऊन-पिंजून पुन्हा वापरलेला. त्याखाली कारखान्याचा पत्ता, शिवणाऱ्याचा क्रमांक, आणि ठळक अक्षरांत ताकीद: हे लेबल काढणे हा गुन्हा आहे. बाळांच्या गाद्यांना आणखी एक पिवळं लागायचं, बाळाला पालथं झोपवू नका, शेजारी उशी ठेवू नका असं सांगणारं. ही सगळी गादीच्या खालच्या अंगाला, कोपऱ्यात लावायची, असा नियम. लोक या लेबलांना हसतात. गादी उलटी करून वाचत कोण बसतं, आणि कापलं लेबल तर काय पोलीस येणार आहेत का, म्हणतात. लेबलताईसमोर मात्र असं बोलायची सोय नव्हती. बोललात तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

"गादी बाहेरून बघून कळते का हो?" ती विचारायची. "खोळ काय, आज शिवली की आज कोरी. आत काय कोंबलंय ते सांगायला गादीला तोंड आहे का? ते तोंड मी शिवते."

"तेवढं तुझं शिवायचं राहिलंय," भराव भरणारे दादा पलीकडून म्हणायचे, आणि बायका हसायच्या. दादांचे केस कापसाच्या तुसानं कायम पांढरे असत. पुढे ते खरोखरच पांढरे झाले, तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिचा हा हट्ट उगाच आलेला नव्हता. ती नऊ वर्षांची असताना आईनं बाजारातून एक स्वस्तातली गादी आणली होती. गुलाबी फुलांची खोळ, नवी कोरी. त्या गादीवर दोन आठवडे तिचा चार वर्षांचा भाऊ झोपला. मग त्याच्या अंगावर फोड उठले, ताप चढला, आणि तो गेला. गादीमुळेच गेला का, ते कुणी सांगितलं नाही, सांगू शकणारं कुणी नव्हतंही. पण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी आईनं ती खोळ टराटरा उसवली आणि आतून वापरलेल्या पट्ट्या निघाल्या, कुठल्याशा दवाखान्यातल्या, वाळलेल्या डागांच्या. आई त्या ढिगासमोर नुसती बसून राहिली. नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून बघत होती. धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती, तिला यातलं काही आठवायचं कारण नाही.

त्यानंतर आईनं घरात विकतची गादी येऊ दिली नाही. ती लोकांचे कपडे शिवायची. त्यातून जमेल तसा मूठ-मूठ कापूस आणायची, दिवसाउजेडी दारात बसून त्यातली सरकी न् कचरा वेचायची, आणि बोचक्यात साठवायची. दोन वर्षांनी एक मोठी गादी भरली. वडील आधीच गेले होते, तेव्हा त्या गादीवर तिघी झोपायच्या. मध्ये आई, एका कडेला ही, भिंतीच्या बाजूला धाकटी. भिंतीची बाजू थंड असते म्हणून ती धाकटीलाच हवी असायची, आणि मोठीला रोज तिच्याशी भांडायला आवडायचं.

लेबलताईचं लग्न झालं नाही. केलं नाही असं ती सांगायची, पण खरं म्हणजे राहून गेलं. आधी आईचं आजारपण, मग धाकटीचं शिक्षण, मग धाकटीचं लग्न. त्यातच तिचं आयुष्य भरून गेलं आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. धाकटी आपल्या घरी गेली, वर्षा-दीड वर्षात आई गेली. आईचे दिवस उरकल्यावर धाकटी रडत म्हणाली होती, "ताई, मला एकदा आईच्या गादीवर झोपायचंय." तर गादी घरात नव्हती. "जुनी झाली होती, उसवली," एवढंच लेबलताई म्हणाली. धाकटी तेव्हा पोटुशी होती. तिचा चेहरा पडला.

गादी कुठे गेली होती, तर कारखान्यात. लेबलताईनं सुट्टीच्या दिवशी दादांना बोलावून तो कापूस उन्हात घातला, पिंजून घेतला, त्यातला सगळ्यात मऊ निवडला आणि बाळासाठी एक छोटी गादी भरली. शिवली स्वतः. धाकटीला मुलगी झाली, चार महिन्यांनी गादी तयार झाली, आणि तिनं ती कारखान्याच्या गाडीतून पाठवून दिली. येत्या रविवारी स्वतः जायचं, बाळ त्या गादीवर झोपलेलं बघायचं, आणि मग धाकटीच्या कानात सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आठवडाभर ती स्वतःशीच हसत होती. दादांनी विचारलंही, "काय गं, लॉटरी लागली का?"

लेबल अर्थातच लाल. कापूस जुना होता, मग लाल. आईचा असला म्हणून तो नवा होत नाही. हाताला लागलेली सवय अशी की तिनं दुसरा विचारही केला नाही.

रविवार उजाडायच्या आधी शनिवारी दुपारी धाकटीच कारखान्यात येऊन थडकली. काखेत ती गादी, तोंड लालबुंद. घरी पाहुणे बसलेले असताना सासूबाईंनी गादी उलटी करून लेबल मोठ्यानं वाचलं होतं. बहिणीकडून जुना माल आला वाटतं, कुणाच्या अंगाखालचा आहे कोण जाणे, असं सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या.

"ताई, एवढं लाल लेबल काढून टाक. मी दुसरं काही मागत नाही."

"काढता येत नाही."

"का नाही येत? हातात कात्री आहे ना?"

"गुन्हा आहे तो. लिहिलंय बघ त्यावर."

"कोण बघायला येतंय गं? मी काय परकी आहे? तुझी बहीण आहे मी!"

"लेबलाला बहीण-भाऊ काही नसतं," लेबलताई म्हणाली.

ज्या बाईनं भावापायी जन्मभर लेबलं जपली तिच्याच तोंडून हे निघालं. निघालं ते निघालं. खरी गोष्ट तिच्या जिभेवर होती. पण तिच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. आली ती काप म्हणतच आली, कापूस कुणाचा हे विचारायचंसुद्धा हिला सुचू नये? तेवढ्यात धाकटीनं गादी उचलली आणि ती निघून गेली. मशीनं चालू होती. बायका मान खाली घालून शिवत राहिल्या.

रविवारी लेबलताई गेली नाही. पुढच्या रविवारीही नाही. आधी राग होता, मग अवघडलेपण आलं, मग त्या अवघडलेपणाचीच सवय झाली. लांबच्या आत्याकडून बातम्या कळायच्या. धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली. धाकटीचं ऑपरेशन झालं. प्रत्येक बातमी ती दोनदा सांगायला लावायची आणि वर "मला काय करायचंय," असं म्हणायची. संध्याकाळी घरी आली की दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. ही सवय काही मोडली नाही.

लेबलाच्या तळाला एक तुटक रेष असायची. सुई त्या रेषेवरून चालवायची, रेषेखालचं सगळं शिवणीत जातं. त्या भागात मुंगीएवढ्या अक्षरांत काहीबाही छापलेलं असे. छापखान्याचं नाव-बीव असेल, अशी तिची समजूत. रोज शेकडो लेबलं हातातून जात होती, आणि ज्या गोष्टी रोज हातातून जातात त्या माणूस वाचत नाही. अकरा वर्षांपूर्वी एक नवे तपासनीस आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सुटं लेबल डोळ्यांजवळ धरलं.

"अहो बाई, ही शेवटची ओळ तुम्ही शिवणीत का दाबता?"

"कुठली ओळ?"

त्यांनी वाचून दाखवली. "'वापरणाऱ्याखेरीज इतर कोणीही काढल्यास.' म्हणजे विकणाऱ्यानं काढायचं नाही, दुकानदारानं काढायचं नाही. जुना माल नवा म्हणून खपवू नये, एवढ्यासाठी आहे हे. गादी घरी गेली की लेबल घरच्यांचं. त्यांनी ठेवावं, कापावं, चहाच्या कपाखाली घालावं. तुम्ही तर दाबून टाकलंत सगळं!"

दोष छापखान्याचा निघाला आणि पुढच्या खेपेला ओळ रेषेच्या वर आली. तपासनीस गेले. लेबलताईनं त्या दिवशी डबा उघडला नाही. धाकटीनं घरी जाऊन स्वतःच्या हातानं लेबल कापलं असतं तर जगातला कुठलाच कायदा मोडला नसता. "तू काप की खुशाल," एवढं म्हणायचं होतं. सव्वीस वर्षं लेबलं शिवून तिला तेच माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात ती धाकटीच्या घरी गेली. म्हणजे जिन्यापर्यंत गेली. वरून हसण्याचा आवाज येत होता, एका मुलीचा आणि एका बाईचा, आणि बाईचं हसणं थेट आईसारखं होतं. काय सांगायचं वर जाऊन? तेरा वर्षांनी एक ओळ वाचली म्हणून आले? तिनं कठड्यावर हात ठेवला, थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली. वर्षभरात धाकटीनं ते घर बदललं. नवा पत्ता आत्यालाही नीट ठाऊक नव्हता, आणि मग आत्याही गेल्या.

आता यंदाची गोष्ट. लेबलताईला निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते. सकाळी ड्रायव्हरनं गाडी रिकामी केली, दुरुस्तीच्या दहा-बारा गाद्या दाराशी रचल्या. अशी गादी आली की आधी लेबल बघायचं, म्हणून ती एकेक उलटी करत गेली. सातवी की आठवी गादी बाळाची होती. खोळ धुऊन-धुऊन विरलेली. लेबल लाल होतं ते उडून गुलाबी झालेलं. शिवणाऱ्याचा क्रमांक सात.

सात म्हणजे तीच.

तिनं खाली बसून घेतलं. गादीला टाचलेल्या चिठ्ठीवर पत्ता होता, शहराच्या दुसऱ्या टोकाचा, आणि धाकटीचं ते डावीकडे कललेलं अक्षर. खोळ नवी घालावी. भराव बदलू नये. मुलीच्या बाळंतपणासाठी, महिन्याच्या आत हवी.

लेबल कापलेलं नव्हतं. पण एका बाजूनं उसवून पुन्हा हातानं शिवलं होतं, असं की तुटक रेषेखालची ओळ आता बाहेर दिसत होती. टाके डावीकडे झुकलेले. धाकटी डावखुरी, आईनं दोघींना एकाच दिवशी शिवण शिकवली तेव्हाही तिचे टाके असेच उलटे पडायचे. दोरा लेबलाइतकाच विटलेला होता, म्हणजे ही शिवण आजकालची नाही. धाकटीनं ती ओळ कधीच वाचली होती. वाचूनसुद्धा लेबल ठेवलं होतं.

निवृत्त होऊनही रोज कारखान्यात येऊन बसणारे दादा काठीचा आधार घेत आले. "काय झालं गं?" मग त्यांनी गादी बघितली आणि त्यांनाही ओळख पटली. म्हणाले, "बरं, ते जुनं काढ आणि नवं लाव. खोळ बदलायची तर काढावंच लागणार."

"मला नाही काढता येत. मी वापरणारी नाही."

"अगं, पुन्हा तेच? चोवीस वर्षांत अक्कल आली नाही तुला?"

"मी नाही काढायचं, दादा. तिनं काढायचं. तिचा हक्क आहे तो."

"मग पत्ता आहे ना हातात? ऊठ आणि जा."

"एकदा गेले होते. जिन्यापर्यंत."

लेबलताईनं कारखान्याचा कागद घेतला आणि लिहिलं: खोळ बदलण्याआधी जुनं लेबल काढावं लागेल. ते काढायचा हक्क फक्त वापरणाऱ्याचा, कारखान्याचा नाही. तरी स्वतः यावं. मग बराच वेळ पेन हातात धरून खाली आणखी एक ओळ घातली: चोवीस वर्षांपूर्वी मी चुकीचं सांगितलं होतं. सही करताना तिनं नाव लिहिलं नाही, क्रमांकही नाही. ताई, एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं सांगितलं, "दिली चिठ्ठी. वाचली त्यांनी. मग दार लावून घेतलं."

"काही म्हणाली?"

"नाही."

चार दिवस गादी तिच्या टेबलावर पडून होती. दारावरची घंटा वाजली की तिची सुई थांबायची. कधी खोके घेऊन आलेला माणूस असे, कधी वीजवाला. तिनं त्या चार दिवसांत दोन पांढरी लेबलं उलटी शिवली, सदतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि दादांनी ती गुपचूप उसवून दिली. येता-जाता ती गादीवर तळवा ठेवायची. कापूस दबला होता, पण मधोमध अजून मऊ होता. आई हवी होती, धाकटी हवी होती, भिंतीच्या बाजूवरून होणारं ते भांडण हवं होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं असलं काही हवं म्हणू नये, पण हवं होतं आणि त्याला इलाज नव्हता.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी आली. मशीनं बंद होती. केस निम्मे पिकलेले, चालताना एक खांदा जरा पुढे, आई चालायची तसा.

"कात्री कुठंय?" धाकटीनं विचारलं. चोवीस वर्षांनी पहिलं वाक्य हे.

कात्री उजव्या हाताची. धाकटीनं डाव्या हातात धरली, तर ती नुसती दोरा चावायला लागली. लहानपणीही असंच व्हायचं आणि मोठी तिला सगळं कापून द्यायची. आता लेबलताईनं कात्रीला हात लावला नाही. दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. एकेक टाका तुटत गेला. लेबल सुटलं तसं धाकटीनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"त्याच आठवड्यात वाचली होती मी ती ओळ," ती म्हणाली. "घरी जाऊन कापायलाच घेतलं होतं. उसवलं तर खाली लिहिलेलं सापडलं. मला हवं तेव्हा कापता येत होतं."

"मग कापलं का नाहीस?"

"तुझा क्रमांक होता ना त्यावर. वर्षभर वाट बघत होते, आज येशील, उद्या येशील. मग सोडून दिलं."

"आले होते गं. हसणं ऐकलं तुझं आणि परत गेले."

धाकटीनं मान फिरवली. खिडकीतून रस्ता दिसत होता, तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, एकच सांग. कापूस कुणाचा होता? सासूबाई जाईपर्यंत म्हणायच्या, कुणा आजाऱ्याचा असेल. मी म्हणायचे, माझी ताई बाळाखाली कुणाचाही कापूस घालणार नाही. पण मग कुणाचा, ते काही मला सांगता यायचं नाही."

लेबलताईनं खणातून एक नवं लाल लेबल काढलं. भराव असं छापलेलं होतं, त्यापुढे जुना. त्यापुढे बोटभर जागा मोकळी होती, तिथे कधी कुणी काही लिहीत नसे. तिनं पेन घेतलं, आईचा असं लिहिलं आणि लेबल बहिणीपुढे सरकवलं.

धाकटीनं ते वाचलं. मग स्टूल ओढून बसली, दोन्ही तळवे गादीवर टेकले आणि हळूहळू गालही टेकला.

"माझी लेक दोन वर्षं झोपली यावर," ती खाली तोंड करूनच म्हणाली. "मी माळ्यावर टाकून दिली होती, ताई. एवढी वर्षं माळ्यावर होती. आणि मी आईला हुडकत होते."

"चुकले मी. आधी तेच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं," धाकटी म्हणाली. ती रडत होती आणि तिला पुसायचं सुचत नव्हतं. लेबलताईनं आपल्या पदरानं पुसलं, नाकसुद्धा पुसलं, पन्नाशीच्या बाईचं.

नवी खोळ दादांनीच चढवली. लेबलताईनं गादी उलटी केली, खालचा कोपरा सुईखाली धरला.

"तिथे नको," धाकटी म्हणाली. "वर लाव. घरी येईल त्याला दिसलं पाहिजे."

नियम खालच्या अंगाचा होता. लेबलताईनं गादी सुलटी केली आणि लेबल वर शिवलं.